फिटरच्या सरांना, आमची स्वप्नं नीट तपासून दिल्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुमच्या हाताखाली फिटर, म्हणजे मशिनचे भाग घासून-जुळवून बसवायचा ट्रेड करून आयटीआयमधून बाहेर पडलेले आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. सर्वांसमोर लिहितोय, कारण दहावीनंतर फिटरला नाव घातलेल्या आणि मनात दुसरंच काही असलेल्या मुलामुलींनी ते वाचावं असं वाटतं. त्यांच्या आईवडिलांनी तर जरूर वाचावं.

सोळाव्या वर्षी ‘मला फिटर व्हायचंय’ असं सांगणारं पोर विरळाच. कुणाला इंजिनिअर व्हायचं असतं, कुणाला रेल्वेचं इंजिन चालवायचं असतं, कुणाला पायलट. टक्के कमी पडले किंवा घरचे पैसे कमी पडले म्हणून पोरं आयटीआयला येतात आणि बेंचसमोर मान खाली घालून उभी राहतात. तुम्ही त्या स्वप्नांना हसला नाहीत. ‘मनात आणलं तर सगळं होतं’ असं म्हणून पाठही थोपटली नाहीत. वही काढायला लावायचात आणि त्या स्वप्नाखाली पाच गोष्टी लिहून आणायला सांगायचात: शिक्षणाची अट, वयाची अट, शरीराची अट, एकूण खर्च, आणि त्या कामातला माणूस सकाळी दहा वाजता नेमकं काय करत असतो. पाचवी गोष्ट शोधताना सगळ्यात जास्त फिरावं लागायचं आणि सगळ्यात जास्त कळायचंही तिथेच.

रेल्वेचंच घ्या. असिस्टंट लोको पायलटला दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय चालतो, त्यात फिटर आहे. म्हणजे इंजिन चालवायचं स्वप्न घेऊन फिटरला आलेला मुलगा वाट चुकलेला नसतोच, तो वाटेवरच उभा असतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पण तुम्ही लगेच पुढचंही सांगायचात. आधी दोन टप्प्यांची कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग कागदपत्रं आणि अगदी शेवटी वैद्यकीय तपासणी. ती ए-वन दर्जाची, म्हणजे सगळ्यात कडक. दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६, रंग ओळखण्यात दोष नको, लेसर करून नंबर घालवलेला चालत नाही. तीन-तीन वर्षं अभ्यास करून, परीक्षा पास होऊन, मुलं या शेवटच्या दारातून परत येतात. म्हणून तुमचा नियम होता: सगळ्यात शेवटी होणारी तपासणी सगळ्यात आधी स्वतः करून घ्यायची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायचे, रंगांच्या ठिपक्यांमधले आकडे ओळखून बघायचे, मगच पुस्तकं विकत घ्यायची.

ज्यांचे डोळे अटीत बसले नाहीत त्यांना टेक्निशियनची पदं तुम्हीच दाखवलीत. त्यातल्या बऱ्याच पदांना चष्मा चालतो. इंजिन चालवायचं राहिलं, पण आज ते इंजिनाखाली उतरून काम करतात. आणि ज्यांचे डोळे ठीक होते त्यांना दुसऱ्या टप्प्यातल्या ट्रेडच्या पेपरची धास्ती उरली नव्हती. त्या भागात ३५ टक्के मिळवून पास व्हावं लागतं आणि प्रश्न ट्रेडच्या अभ्यासक्रमातले असतात. बाकीचे उमेदवार जे पाठ करत होते ते या मुलांच्या हातातून गेलेलं होतं.

इंजिनिअरिंगचा हिशेब तर तुम्ही फळ्यावर मांडायचात. दहावीनंतर बारावी दोन वर्षं आणि पदवी चार, एकूण सहा. फिटरची दोन वर्षं, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन दोन, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन तीन, एकूण सात. फरक एका वर्षाचा, आणि त्या वर्षाच्या बदल्यात हातात ट्रेड. पण या वाटेवर मुलं कुठे पडतात तेही सांगायचात. डिप्लोमाचं पहिलं वर्ष गाळलं की त्यातलं गणितही गळतं: लॉगरिदम, डिटरमिनंट, त्रिकोणमिती, मग डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन. दुसऱ्या वर्षाचे मास्तर हे सगळं येतंय असं धरून चालतात. त्यामुळे फिटरच्या दुसऱ्या वर्षी संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या डिप्लोमाचं जुनं पुस्तक सोडवायला लावणारे तुम्हीच होतात. आमच्यातले जे आज डिझाइनला बसतात त्यांचं डिप्लोमाचं पहिलं सत्र त्यामुळे निभावलं.

विमानाच्या पायलटच्या वाटेला तुम्ही फार वेळ दिला नाहीत, कारण बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, क्लास वन मेडिकल म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, दोनशे तासांचं उड्डाण आणि त्यासाठी लागणारी लाखांमधली रक्कम एकाच पानावर लिहिली की घरातली माणसं आणि मुलगा दोघंही शांतपणे बोलू शकतात. कर्ज काढायचं का, बारावी मुक्त विद्यालयातून करायची का, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तुम्ही पान लिहून दिलंत.

आता लोखंड घासायच्या कानशीबद्दल लिहू द्या, कारण आमच्यातल्या बहुतेकांचं आयुष्य शेवटी तिच्याच बाजूने गेलं.

माइल्ड स्टीलच्या एका तुकड्याची एक बाजू सपाट करायची, एवढंच सुरुवातीचं काम. बघणाऱ्याला वाटतं, घासलं की झालं. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून खिडकीच्या उजेडाकडे धरलं की दोन्ही कडांना फट दिसते आणि मध्ये फुगवटा. तुम्ही जॉब, म्हणजे तो तुकडा, परत द्यायच्या आधी कारण विचारायचात. कारण दाबात असतं. स्ट्रोक सुरू होताना टोकावरचा डावा हात जास्त दाबतो, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटाला मुठीवरचा उजवा. हा दाब सरकत गेला नाही की कानस तराजूच्या दांडीसारखी खाली-वर होते आणि कडा खाऊन टाकते. जॉब पकडणाऱ्या व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा, तो वर असला की खांदे उचलले जातात आणि हात सरळ रेषेत जातच नाही. ज्यांची उंची कमी त्यांच्या पायाखाली तुम्ही लाकडी फळी ठेवायचात. वर्कशॉपमध्ये ही फळी बनवून घेणारे निदेशक किती असतील सांगता येत नाही, पण पहिल्यांदा फिटरला आलेल्या मुली टिकल्या त्यात त्या फळीचा वाटा मोठा आहे.

बाकी कानशीचे नियम आजही आम्ही नव्या पोरांना तसेच्या तसे सांगतो. ती पुढे जाताना कापते, मागे आणताना दाबली तर फक्त दाते बोथट होतात. दात्यांत कीस अडकला की जॉबवर खोल ओरखडे उठतात, म्हणून आधी खडू घासायचा आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने दात्यांच्या दिशेने झाडायची. घासलेल्या जागेवरून बोट फिरवायचं नाही, घामाचं तेल लागलं की तिथे कानस घसरते. नवी कोरी कानस एकदम कडक पोलादावर लावायची नाही, आधी पितळेवर चालवायची.

हॅक्सॉबद्दलचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीबद्दलचं एक तर सोनंच आहे. अर्धा काप झाल्यावर ब्लेड तुटलं, तर नवं ब्लेड त्याच कापात घालायचं नाही. जुन्या ब्लेडच्या दात्यांचा बाहेरचा कल झिजलेला असतो, त्यामुळे त्याने पाडलेली खाच अरुंद असते. नवं तिथे अडकतं आणि दोन स्ट्रोकमध्ये तुटतं. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू करायचं. किती कारखान्यांत किती ब्लेडं या एका वाक्यामुळे वाचली असतील!

आटे पाडायला तुम्ही जेवढा वेळ दिलात तेवढा कुणी देत नाही. एम-१० च्या, म्हणजे १० मिमीच्या बोल्टच्या आट्याला पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी, म्हणून भोक ८.५ मिमीचं. एम-८ ला ६.८, एम-६ ला ५. हे पाठ होतं, पण आटे पाडायचं हत्यार, म्हणजे टॅप, तरीही तुटतो. आणि तुटलेला टॅप इतका कडक असतो की ड्रिलने निघत नाही, तयार झालेला अख्खा जॉब भंगारात जातो. तुम्ही तुटायची कारणं सुटी करून दाखवलीत. ड्रिल कमी मापाचं किंवा त्याच्या टोकाच्या दोन धारा असमान, त्यामुळे भोक चुकीचं. टॅप तिरका शिरलेला, म्हणून दोन आटे गेले की गुण्या लावून दोन बाजूंनी तपासायचं. अर्धा फेरा पुढे गेल्यावर पाव फेरा मागे न घेतलेला, त्यामुळे कीस तुटत नाही आणि टॅपच्या खाचांत अडकतो. आरपार न गेलेलं, बंद भोक असेल तर तळाशी साचलेला कीस बाहेर न काढता शेवटचा टॅप दाबून फिरवलेला. पोलादाला कटिंग ऑइल हवंच, बिडाला कोरडंच चालतं. सेटमधले तीनही टॅप क्रमाने चालवायचे, घाईत पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी नाही. आमच्यातले मेंटेनन्सला आहेत ते रात्रपाळीत बंद पडलेल्या मशिनचा तुटलेला बोल्ट काढून नवे आटे पाडतात तेव्हा हाच क्रम चालतो, आणि पहाटे लाइन सुरू होते.

मेल-फीमेल फिटिंगला प्रत्येक बॅच रडते. माप ०.०४ मिमीच्या आत, आणि चौकोनी नर तुकडा मादीच्या खाचेत चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे. नर आधी पूर्ण करायचा, गुण्यात आणायचा, मगच मादीला हात लावायचा. खाचेतला माल ओळीने भोकं पाडून काढायचा. कोपऱ्यांना छोटी भोकं द्यायची, नाहीतर तिथे कानस पोचत नाही आणि नराचा कोपरा अडतो. न बसणाऱ्या जॉबवर हातोडी मारायला तुमची सक्त मनाई होती. निळा रंग लावून तुकडा हलकेच सरकवायचा, जिथे रंग पुसला जातो तेवढीच जागा घासायची. एका बाजूला बसला आणि फिरवल्यावर नाही बसला, तर मादीला दोष द्यायचा नाही, नराचा काटकोन पुन्हा तपासायचा. आज क्वालिटीला असलेले आमचे मित्र सांगतात की न जुळणारे दोन पार्ट समोर आले की कुठल्या पार्टपासून शोध सुरू करायचा हे त्यांना तिथूनच कळतं.

बेअरिंगचा धडा अभ्यासक्रमात थोडा होता, तुम्ही तो वाढवलात. शाफ्टवर घट्ट बसणारी बेअरिंग ठोकायची तर आतल्या रिंगवर नळी ठेवून. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो, गोळ्यांच्या मार्गावर बारीक खळगे पडतात, आणि मशिन चालू झाल्यावर काही दिवसांत ती आवाज करू लागते. गरम करून बसवायची असेल तर १२० अंशांच्या वर न्यायची नाही आणि तिला थेट ज्योत दाखवायची नाही.

अ‍ॅप्रेंटिसशिपबद्दल तुम्ही दिलेला सल्ला आम्ही आता स्वतःच्या भाच्या-पुतण्यांना देतो. १९६१ च्या कायद्याखालची ती जागा शिकण्याची आहे, पण काही ठिकाणी पोराला एकाच मशिनवर एकाच ऑपरेशनला वर्षभर उभं करतात आणि वर्ष वाया जातं. म्हणून रुजू होतानाच विचारायचं: कुठले विभाग, किती महिने, मेंटेनन्स आणि टूल रूम आहे का. रोज लॉगबुक लिहायचं: कुठलं मशिन, काय बिघडलं, कशाने बिघडलं, कुठला पार्ट बदलला. मुलाखतीत प्रमाणपत्राआधी ती वही पुढे ठेवायची.

आज आमच्यात लोको पायलट आहेत, डिझाइन इंजिनिअर आहेत, चाकण-भोसरीला मेंटेनन्स सांभाळणारे आहेत, गावात पाणबुडी पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलेले आहेत. ट्रेड सोडून पोलिसांत, बँकेत गेलेलेही आहेत. सोळाव्या वर्षी लिहिलेलं आणि आज जगतोय ते फार थोड्या जणांचं जुळतं. ज्यांचं जुळलं नाही त्यांना ते का जुळलं नाही हे नेमकं माहीत आहे: डोळ्यांची अट, वय, पैसे, किंवा सकाळी दहाचं ते काम कळल्यावर बदललेलं मन. त्यामुळे नशिबाला किंवा घरच्यांना बोल लावत बसलेलं आमच्यात कुणी नाही. सर, यासाठी आम्ही तुमचे मनापासून आभारी आहोत. कानस, टॅप, बेअरिंग यांसाठी तर आहोतच.

नवी बॅच बसली की आम्हाला एक शनिवार द्या. तुटलेले टॅप, खळगे पडलेल्या बेअरिंग, चुकीच्या धारेची ड्रिलं असं सामान आम्ही जमवून ठेवलंय. प्रत्येकाला चिठ्ठी लावली आहे: काय तुटलं, कुठल्या कामात, कशामुळे. लोको पायलट मंडळी रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक घेऊन येतील आणि डिप्लोमा केलेले गणिताची जुनी पुस्तकं. दोन बेंच तेवढे मोकळे ठेवा.

तुमचे,
फिटर ट्रेडचे माजी प्रशिक्षणार्थी