पक्या, तुझ्या गोठ्यावरून आठवलं

प्रिय पक्या,

तुझा व्हॉट्सॲपवरचा ऑडिओ दोनदा ऐकला, साडेसहा मिनिटांचा, मागे वहिनी कुकरच्या शिट्ट्या मोजतायत तेही ऐकलं. आजोबांचा दगडी गोठा पाडायचा नाही, गावच्या छोट्या म्युझियमचं तिकीट काउंटर आणि माहिती केंद्र तिथंच करायचं, आणि "तुमच्याकडे अमेरिकेत कसं करतात ते सांग" म्हणालास. फोनवर सांगितलं असतं पण तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहितोय.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही इथल्या व्हर्मांट राज्यात गेलो होतो, सगळे पानांचे रंग बघायला जातात तसेच, आणि मी घरच्यांना ओढत शेलबर्न म्युझियमला नेलं. बर्लिंग्टनच्या थोडं खाली, लेक शॅम्प्लेनजवळ. तिथे एक गोल बार्न आहे. गोल म्हणजे खरंच गोल, तीन मजली, लाकडी. आता बार्नला मराठीत काय म्हणायचं हा माझा जुना घोळ आहे, गोठा म्हणावं तर डोक्यावर अख्खी गवताची गंज, कोठार म्हणावं तर मधे गाई. आपल्याकडे हे सगळं वेगवेगळं असतं, गोठा इकडे, गंज परसात, उकिरडा त्याच्याही पलीकडे. त्यांच्याकडे सहा महिने बर्फ, त्यामुळे सगळा संसार एका छपराखाली.

हा बार्न 1901 चा, ईस्ट पासम्प्सिक नावाच्या गावातला. बांधला फ्रेड क्विम्बीनं, त्याला लोक "सायलो" क्विम्बीच म्हणायचे म्हणे. मधोमध उभा सायलो, म्हणजे आपल्याकडे आता पोरं मुरघास करतात ना, हिरवा चारा कोंडून मुरवतात, त्याचीच उंच टाकी. गवताच्या गाड्या उतारावरून थेट वरच्या मजल्यावर, मधल्या मजल्यावर गाई गोलात, सगळ्यांची तोंडं मध्याकडे, वैरण वरून खाली पडणार आणि शेण जमिनीतल्या झडपांतून तळमजल्यावर, तिथून गाडीत भरून शेतात. एका माणसाला कमीत कमी चालून सगळं उरकता यावं म्हणून हा खटाटोप. त्या काळात शेतकी कॉलेजंही गोल बार्नचा प्रचार करायची, तेवढ्याच भिंतीत जास्त जागा मिळते म्हणून. पण वाढवायचा झाला तर गोल वाढवणार कसा? पहिल्या महायुद्धानंतर फॅशनच संपली.

मग 1985-86 मध्ये म्युझियमनं तो उचलला. सुटा केला, ट्रेलरवर लादला, आणि सायलोचा मोठा तुकडा चक्क हेलिकॉप्टरला टांगून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आणला!! आणि आणून काय केलं, तर व्हिजिटर सेंटर. लोक म्युझियममध्ये शिरायचे ते या बार्नमधून.

तसं या म्युझियमला उचलाउचलीची सवयच आहे. 1947 मध्ये ते काढलं इलेक्ट्रा हॅवमायर वेब या बाईंनी, साखरसम्राटाची मुलगी (आपल्या साखरसम्राटांनी कुणी म्युझियम काढलंय का आठव). यांनी दीपगृह आणलं, छताचा लाकडी पूल आणला, 1955 मध्ये तर तलावातली 220 फुटी बोट रूळ टाकून जमिनीवरून ओढत आणली. पण मला खटकलं ते वेगळंच. घरच्या जुन्या घोडागाड्या ठेवायला त्यांनी सुरुवातीला जो घोड्याच्या नालेच्या आकाराचा बार्न बांधला, त्याच्यासाठी अकरा जुन्या बार्नची लाकडं वापरली. एक वाचवायला, छे, एक नवा बांधायला अकरा मोडले. अर्थात ते मोडकळीला आलेलेच असणार, तरीपण. आज अमेरिकेत जागा बदललेली इमारत वारसा यादीत सहसा घेत नाहीत, आणि 1964 चा व्हेनिस चार्टरही, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याची आंतरराष्ट्रीय सनद, तेच सांगतो की वास्तू तिच्या जागेपासून तोडू नका, अगदी वाचवण्यासाठीच गरज पडली किंवा तसंच फार मोठं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय कारण असलं तरच. तुझं एक बरं आहे, गोठा आहे तिथंच आहे.

आता कामाचं. गोल बार्नमध्ये उभं राहिल्यावर मला पटलं की बोर्ड वाचायच्या आधीच ती इमारत कशी चालायची ते पायांना कळतं. वरून खाली वैरण, खाली शेण. तेवढं मोडलं की मग ती नुसती जुनी लाकडं. म्हणून तुझ्या गोठ्यात गव्हाणी काढून तिथं काउंटर टाकू नकोस. गव्हाण ठेव, तिच्यापलीकडे काउंटर ठेव. माणसं बैलांच्याच दारानं आत येऊ देत, खाली वाकावं लागलं तर एखादं दुसरं दार व्हीलचेअरसाठी काढ, पण ते नवं आहे हे दिसू दे, उद्या काढता येईल असं कर. इथले सरकारी नियमही साधारण हेच सांगतात, नवं काम वेगळं ओळखू यावं आणि पुढेमागे काढून टाकता यावं.

दुसरं, हवा. आमच्या भागात एकानं जुन्या बार्नच्या फळ्यांमधल्या सगळ्या फटी बुजवून आत हीटिंग बसवलं, दोन हिवाळ्यांत आतून फळ्या काळ्या पडल्या. त्या फटी सुताराच्या आळसानं राहिलेल्या नसतात, ओलं गवत कोंडलं की आतल्या आत तापतं आणि पेटतं, वारा खेळायला म्हणून त्या ठेवलेल्या असतात. तुझ्याकडे दगड आणि मातीचा गिलावा, त्यावर सिमेंटचा प्लास्टर मारायला कुणी सांगितलं तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव, ओल भिंतीतच कोंडेल. चुन्याचं काम करणारा गवंडी शोध, वेळ लागेल. एसीचं तर नावच काढू नकोस.

माळ्यावर लोकांना चढवायचं म्हणतोस, तेवढं मात्र स्ट्रक्चरलवाल्याला दाखवल्याशिवाय नको. कडबा गुपचूप पडून असतो, शाळेची सहल उड्या मारते.

गव्हाणीचे, दावणीच्या खुंट्यांचे आणि माळ्याच्या तुळयांचे फोटो पाठव, नुसते दाराचे नकोत. आणि कुठल्या जागी कोण बांधलेला असायचा ते काकूंना विचारून आत्ताच लिहून ठेव. मला ढवळ्या आणि सर्जा आठवतात, दाराजवळच्या तांबड्याचं नाव काय होतं रे?

तुझा,
बंड्या