‘दाखला घेऊन जा’ म्हणायच्या आधी पंधरा दिवस वही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली पोरांच्या वागण्यावर जे काही छापून येतं त्यात एकतर मोबाईलला शिव्या असतात नाहीतर आईबापांना, आणि शेवटी ‘छडी गेली म्हणून हे असं झालं’. मी बावीस वर्षं हायस्कूलला शिकवतेय, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्यावर बंदी आली त्याच्या आधीचे छडीवाले दिवसही बघितलेत. तेव्हा पण अशी पोरं होतीच, फक्त ती गुपचूप शाळा सोडायची आणि कुणी विचारायचं नाही.

आमच्या आठवीत एक मुलगा होता, पत्र्याचा कंपास बाकावर असा आपटायचा की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघायचे. कधी पुढच्याचं दप्तर ओढ, कधी मलाच उलट बोल. आम्ही काय करायचो, तर ‘चल बाहेर हो’. वर्षभर तो व्हरांड्यातच असायचा म्हणा ना. पालकांना तीनदा बोलावलं, आई शेतावरची मजुरी बुडवून आली आणि नुसती खाली मान घालून उभी राहिली. दाखला द्यायची भाषा सुरू झाली होती.

त्याच सुमारास गटसाधन केंद्रातून (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र) समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे अडचणी असलेल्या मुलांना नेहमीच्याच वर्गात शिकवायला मदत करणाऱ्या, विशेष शिक्षिका आल्या होत्या. मी ताशेरे ओढत होते, त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाई, तो हे नेमकं कधी करतो?’ मला सांगता येईना. रोज त्रास होतोय आणि कधी होतोय ते माहीत नाही. मग त्यांनी वहीचं एक पान आखून दिलं, तीन रकाने. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. पंधरा दिवस लिहिलं, अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या नऊ मराठी नि हिंदीच्या तासाच्या, त्या पण प्रकट वाचन, म्हणजे मोठ्याने वाचणं, चालू असताना, रांगेने वाचत वाचत नंबर त्याच्या पुढच्या बाकापर्यंत आला की कंपास वाजायचा. गणिताच्या तासाला एकदाही नाही!! पोराला वाचताच येत नव्हतं. जोडाक्षर आलं की अडकायचा आणि वर्ग हसायचा, त्यापेक्षा व्हरांडा बरा. म्हणजे आम्ही शिक्षा समजून त्याला जे हवं तेच देत होतो. ती वही परत वाचताना मला रडू आलं हे खरं सांगते.

उपाय फार मोठे नव्हते. उद्या कुठला परिच्छेद वाचायचा ते त्याला आदल्या दिवशी सांगायचं, आणि अगदीच नको वाटलं तर ‘बाई पाणी पिऊन येतो’ म्हणायची परवानगी. बाहेर काढणं बंद केल्यावर पहिला आठवडा दंगा उलट वाढला, इथेच आपण हात टेकतो आणि ‘बघा, लाड केले की असं होतं’ म्हणतो. मग हळूहळू कमी झाला. तपासणीही सुरू झाली. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारी सरकारी टीम येते, त्यांच्या यादीत शिकण्यातल्या अडचणी आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) दोन्ही आहे, पण एका दिवसात एवढी पोरं बघायची तर डॉक्टरांना वाचनातलं कसं कळणार, आपण लिहून ठेवलेलं असेल तर सांगता येतं.

प्रत्येकाचं कारण वाचनच असतं असं नाही. एक मुलगी फक्त सोमवारी मारामाऱ्या करायची, रविवारी घरी काय चालायचं ते इथे लिहीत नाही. तिथे पंधरा दिवस थांबायचं नसतं, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पोर स्वतःला इजा करत असेल, मरायच्या गोष्टी करत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, दिवसरात्र चालतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, त्यानंतर त्याला जामीन देताना लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध सगळ्यांना पाठ झाला. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ किती जणांनी वाचलं? १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असला तरी बाल न्याय मंडळाला आधी बघावं लागतं की त्याची मानसिक क्षमता किती, परिणाम कळण्याएवढी समज होती का, आणि कुठल्या परिस्थितीत हे घडलं. मग कंपास आपटणाऱ्या आठवीच्या पोराचा दाखला काढताना एवढं तरी बघायला नको का? माझी शिक्षक बंधूभगिनींना आणि संस्थाचालकांना हात जोडून विनंती आहे, दाखल्याचा विषय निघाला की आधी ती वही मागा, वही नसेल तर दाखला नाही.

तो मुलगा आता नववीत आहे. अजून अडखळतोच. परवा तास संपल्यावर टेबलापाशी आला आणि म्हणाला, ‘बाई, उद्याचा धडा मोठाय, मला दुसरा परिच्छेद द्या, पहिल्यात जोडाक्षरं लय आहेत.’ त्याने धडा आधीच उघडून बघितला होता.

– एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा