व्यास जुळला, लांबी नाही : कार्बन फ्रेमसाठी पाठवलेल्या सुट्या भागांबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या तक्त्यावरून मागवलेले भाग फ्रेमला न बसणे आणि ते परत घेण्यास दिलेला नकार

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची रोड सायकलची कार्बन फ्रेम मी घेतली आणि तिच्यावर चढवायचे हलके सुटे भागही आपल्याच संकेतस्थळावरून मागवले. दहा ठिकाणचे भाग गोळा करून मग डोके धरून बसण्यापेक्षा फ्रेम विकणाऱ्यालाच विचारावे, हा साधा हिशेब होता. विचारलेही लेखी. ऑर्डर देण्यापूर्वीच्या ईमेलमध्ये फ्रेमचे मॉडेल, साइझ, बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा दांडा फिरतो त्या फ्रेममधल्या जोडाचा) प्रकार आणि हव्या असलेल्या भागांची यादी, सगळे दिले होते. आपले उत्तर एका ओळीचे होते : "सर्व भाग आपल्या फ्रेमला बसतात." त्या ओळीच्या भरवशावर पैसे भरले. आलेल्या मालापैकी क्रँक (पेडलचे दोन आर्म आणि त्यांना जोडणारा दांडा, म्हणजे स्पिंडल), सॅडल (बैठक) आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) बसत नाहीत. पहिल्या तक्रारीवर "बसवणाऱ्याची चूक" असा शेरा मारून आपण ती बंद केलीत, म्हणून आता सविस्तर लिहावे लागत आहे.

आधी क्रँकचे. फ्रेम बीबी८६ प्रकारची आहे. म्हणजे बॉटम ब्रॅकेट शेलचा (बेअरिंग बसतात त्या नळीचा) आतला व्यास ४१ मिमी आणि रुंदी ८६.५ मिमी. आपण पाठवलेला क्रँक ३० मिमी स्पिंडलचा आहे, पण तो ६८ मिमी रुंदीच्या बीबी३० शेलसाठी बनवलेला. कोणता भाग कोणत्या फ्रेमला बसतो हे सांगणाऱ्या आपल्या तक्त्यात या जोडीसमोर हिरवी खूण आहे. का, ते तक्ता नीट पाहिल्यावर लक्षात आले. ४१ मिमीच्या शेलमध्ये ३० मिमीचा स्पिंडल घेणारी बेअरिंग मिळतात, तेवढ्यावर तक्त्याने होकार दिला. शेलच्या रुंदीचा रकाना त्यात नाही, स्पिंडलच्या लांबीचाही नाही. गळ्याचे माप घेऊन सदरा शिवावा आणि उंची विचारूच नये, तसला हा प्रकार. ६८ आणि ८६.५ यांत साडेअठरा मिमीचे अंतर आहे, आणि ते कुठल्याही वॉशरने भरून निघणारे नाही.

माझा मेकॅनिक सावध निघाला. बेअरिंग प्रेसने दाबण्याआधी त्याने स्पिंडल नुसताच शेलमधून आरपार घातला आणि डाव्या बाजूला किती टोक बाहेर येते ते व्हर्नियरने मोजले. टोक बाहेर डोकावले ते जेमतेम. डावा आर्म धरून ठेवायला जेवढे दाते आर्मच्या आत जायला हवेत तेवढे बाहेर आलेच नाहीत. "हा ओढूनताणून बसवला तर पहिल्या चढावर आर्म हातात येईल," असे म्हणून त्याने क्रँक पुन्हा डब्यात ठेवला. बेअरिंग आधीच दाबली असती तर ती ठोकून बाहेर काढावी लागली असती. प्रेसफिट बेअरिंग अशी काढली की बहुधा कामातून जाते, आणि कार्बनच्या शेलला मार बसतो तो वेगळाच. फ्रेम वाचली ती त्याच्या सवयीमुळे, आपल्या तक्त्यामुळे नव्हे.

यावर आपल्या प्रतिनिधीने ॲडॅप्टर वापरून पाहण्याचा सल्ला दिला. ॲडॅप्टर व्यासातला फरक भरून काढतो. त्याने आखूड स्पिंडल लांब कसा होणार, असे मी विचारल्यावर चॅट तिथेच बंद झाले.

याच क्रँकबद्दल अजून एक गोष्ट. ८६.५ मिमी शेलला पुरेल असा लांब स्पिंडल घेतला, तरी ३० मिमीचा स्पिंडल ४१ मिमीच्या भोकात घातल्यावर प्रत्येक बाजूला साडेपाच मिमी जागा उरते. त्यात कप, बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही कड्या आणि गोळ्या, सगळे मावायचे. २४ मिमी स्पिंडलला तीच जागा साडेआठ मिमी मिळते. गोळ्या जितक्या बारीक तितके बेअरिंग पाणी, चिखल आणि जोर कमी सोसते. काही ग्रॅमसाठी हा सौदा कोणाला करायचा असेल तर जरूर करावा, पण विक्रीच्या पानावर त्याचा एक शब्दही नसावा हे बरोबर नाही. तिथे क्रँकचे वजन मात्र ठळक आहे. बारीक अक्षरात वाचले तर कळते की त्या वजनात चेनरिंग (पुढची दातेरी चक्रे) धरलेल्या नाहीत. बॉटम ब्रॅकेटही नाही. असे धरले तर काहीही हलकेच भरेल.

सॅडलची गोष्ट छोटी आहे, पण तीच मला जास्त धोक्याची वाटते. तिचे रेल (खालच्या दोन दांड्या) कार्बनचे आहेत, ७ × ९ मिमी, अंडाकृती. सोबत पाठवलेल्या सीटपोस्टचा (सॅडल धरणाऱ्या नळीचा) क्लँप रेलला दोन्ही बाजूंनी आवळतो आणि त्याचे जबडे ७ मिमीच्या गोल रेलसाठी घडवलेले आहेत. क्लँप वरून-खालून आवळणारा असता तर कदाचित निभावले असते. इथे उंच रेल गोल खाचेत पूर्ण बसतच नाही, दोन कडांवर टेकून राहतो. आपल्या प्रतिनिधीचे उत्तर होते, "बोल्ट जरा जास्त आवळा." कार्बनचा रेल असा दोन बिंदूंवर दाबला गेला की आतून तडकू शकतो, आणि तडा बाहेरून दिसेलच असे नाही. क्लँपवर टॉर्कची (आवळण्याच्या जोराची) मर्यादा छापलेली असताना ती ओलांडायला खुद्द कंपनीच सांगते, हे मला लेखी हवे आहे. त्या चॅटची प्रत मी ठेवली आहे.

ॲक्सलमध्येही तीच तऱ्हा. १२ × १४२ हे माप जुळते, आटे जुळत नाहीत. फ्रेमला १.५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधले अंतर) आटे आहेत आणि आलेला हलका ॲक्सल १.० चा आहे. थोडासा फिरून तो अडकला. रेटून फिरवला असता तर आटे गेले असते आणि मग त्यालाही बसवणाऱ्याची चूक म्हटले गेले असते.

एका बाबतीत मात्र आपल्या गोदामातल्या माणसाचे आभार मानायला हवेत. माझ्या चाकांना एचजी प्रकारचा फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) आहे आणि मी निवडलेली कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) १० दात्यांपासून सुरू होणारी, म्हणजे तिला एक्सडीआर हा वेगळा फ्रीहब लागतो. तक्त्याने इथेही हिरवी खूण दिली होती. पण त्या माणसाने माल बांधण्याआधी फोन करून विचारले आणि ११ दात्यांची कॅसेट पाठवली. फोनवरून हे त्याच्या लक्षात येऊ शकते तर तक्त्याच्या का येत नाही, हा प्रश्न आपण तक्ता तयार करणाऱ्यांना विचारावा.

आपल्या जाहिरातीत ६.८ किलोच्या आतल्या सायकलीचा बराच बोलबाला आहे. ही मर्यादा यूसीआय या सायकल स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० सालापासून स्पर्धेतल्या सायकलींना घातलेली आहे. मी स्पर्धेत उतरत नाही, त्यामुळे सायकल त्या आकड्याच्या वर राहिली की खाली आली याने मला काही फरक पडत नाही. भाग हलके असावेत एवढेच नाही, ते एकमेकांना धरून राहावेत, एवढी अपेक्षा मात्र आहे.

परतीला नकार देताना "डबे उघडलेले आहेत" हे कारण आपण दिले. डबा न उघडता क्रँक आखूड आहे हे कसे समजावे, ते कळवावे. तिन्ही भाग न वापरलेले आहेत. बेअरिंगवर प्रेसची खूण नाही, रेलवर क्लँपचा ओरखडा नाही. फोटो जोडले आहेत, त्यात मोजमापे दिसतात.

माझ्या मागण्या अशा. क्रँक आणि त्याची बेअरिंग परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा बीबी८६ साठीचा २४ मिमी स्पिंडलचा क्रँक योग्य बॉटम ब्रॅकेटसह द्यावा. वजन थोडे वाढले तरी माझी हरकत नाही, मला दुसरा पर्यायच अधिक पसंत आहे. सीटपोस्टसाठी ७ × ९ रेलचे जबडे पाठवावेत. आपल्याकडे ते बनत नसतील तर सॅडल बदलून ७ मिमी गोल रेलची द्यावी. ॲक्सल १.५ पिचचा हवा. या सगळ्याचा येण्याजाण्याचा कुरियर खर्च आपला. फ्रेमच्या वॉरंटीवर या प्रकरणाचा काही परिणाम होणार नाही, हेही लेखी कळवावे, कारण "बसवणाऱ्याची चूक" हा शेरा माझ्या खात्यावर अजून दिसतो. तो काढून टाकावा.

तक्त्यात शेलची रुंदी, स्पिंडलची लांबी, रेलचा छेद आणि ॲक्सलच्या आट्यांचे पिच हे रकाने येईपर्यंत निदान या चार ठिकाणच्या हिरव्या खुणा तरी उतरवाव्यात. हा तक्ता पाहून आजही कोणीतरी ऑर्डर देत असेल, आणि त्याचा मेकॅनिक आधी मोजून पाहणारा असेलच असे नाही.

उत्तर ईमेलनेच द्यावे, फोनवर नको. तिन्ही भाग मूळ डब्यांत बांधून तयार आहेत. ते न्यायला माणूस कधी येणार तेवढे कळवावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, ऑर्डरपूर्वीचा ईमेल, चॅटची प्रत, मोजमापांचे फोटो