माप तूच कळव

प्रिय बाळास,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

सेमिनरीतले पाळक होण्याचे शिक्षण अर्ध्यावर सोडत असल्याचे तुझे पत्र रविवारी उपासनेहून परतल्यावर वाचले. बाबांनी ते दोनदा वाचले, घडी करून पवित्र शास्त्रात ठेवले आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ तुला माझ्यापेक्षा अधिक कळतो. मला रागवायचे नाही, आणि तू रोज प्रार्थनेला बसतोस की नाही हेही विचारायचे नाही, असे ठरवूनच मी लिहायला घेतले आहे.

‘मला पाचारणच नाही, देवाने मला सेवेसाठी बोलावलेलेच नाही’ असे तू लिहिले आहेस. तू काचेच्या पेटीत होतास त्या अकरा दिवसांत मी शमुवेलाची आई हन्ना हिच्यासारखा, मूल देवाच्या सेवेला वाहण्याचा नवस केला, आणि पुढे प्रत्येक वाढदिवसाला, पाहुण्यांसमोर, पाळकांसमोर तो तुला ऐकवत राहिले. तुला जी हाक वाटली ती कदाचित माझीच असेल, हा विचार त्या दिवसापासून मला सोडत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. हन्नाने लेकराला शिलो येथे नेऊन पोहोचवले खरे, परंतु रात्री त्याला नाव घेऊन हाक मारली ती परमेश्वराने; आणि मंदिरात वाढलेल्या त्या मुलालाही ती तीन वेळा तिथल्या वृद्ध याजकाची, एलीचीच वाटली. खुद्द एलीला तिसऱ्या खेपेपर्यंत उमगले नाही. मात्र उमगल्यावर त्याने त्या हाकेचा अर्थ स्वतः लावला नाही, मुलाला परत जाऊन निजायला आणि ऐकायला सांगितले. मला तेवढे जमले नाही.

व्यासपीठावर उभे राहणे म्हणजेच सेवा, असे आपल्या घरात नकळत मानले गेले, त्यात दोष माझा आहे. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या कामासाठी देवाच्या आत्म्याने भरलेला बसालेल याजक नव्हता, कारागीर होता. टबीथा ही शिष्या मरण पावली तेव्हा विधवांनी प्रेषित पेत्राला दाखवले ते तिने शिवलेले कपडे. प्रेषित पौलाने करिंथात तंबू शिवले. मंडळीचा बंद पडलेला ध्वनिक्षेपक तू तेराव्या वर्षी दुरुस्त केलास, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते तुझ्या पहिल्या उपदेशाच्या दिवशी मला दिसले नव्हते. तरीही मी त्या उपदेशाचीच वाहवा केली.

पण बाळा, पाचारण नसणे वेगळे आणि पाचारणाला पाठ फिरवणे वेगळे. देवाची आज्ञा टाळून पळणाऱ्या योनालाही तार्शीशला जाणारे जहाज आयते मिळाले होते, भाडेही त्याने रीतसर भरले होते. म्हणून वाट मोकळी दिसली की ती देवानेच मोकळी केली, असे धरून चालू नकोस. वडीलधाऱ्यांशी बोल, घाईने सही करू नकोस, पहाटे उठून शास्त्र वाचत जा. क्षमा कर, पुन्हा उपदेशच झाला. एलीया संदेष्टा थकून झाडाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून खाऊ घातले. तू कोठे चुकलास, असे त्याने विचारले नाही. मी मात्र विचारतेच आहे. प्रार्थना सुटली नाही ना? सुटली असेल तरी लिही, लपवू नकोस. तात्यांनी लपवले होते, ते आम्हाला फार उशिरा कळले.

हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप ती अंदाजानेच धरत असणार. एखाद्या वर्षी बाह्या आखूड पडल्या असतील, आणि मूल आपल्याला ठाऊक होते त्याहून मोठे झाले आहे हे तिला तिथे पोहोचल्यावरच समजले असेल. मी तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. मागचा खांद्यात ओढत होता, हे तू नाही, मावशीने सांगितले. या वेळी माप तूच कळव.

तुझी,
आई