चि. मृण्मयीस, महालातून

महाल, नागपूर, बुधवार रात्र

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोनवर आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. तुझ्या प्रयोगातली क्वार्ट्झची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेसारखी, नळी तडकल्याचे तू हसत सांगितलेस आणि मला ते हसणे सोसले नाही, एवढेच त्याचे कारण होते. त्या नळीविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

तुझे काम मला कळत नाही असे समजू नकोस. वाफेच्या जुन्या रीतीने मिथेनपासून हायड्रोजन काढला तर कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमच्या रीतीत मिथेन थेट फुटतो आणि कार्बन काजळीसारखा हाती राहतो. 16 किलो मिथेनमागे 4 किलो हायड्रोजन आणि 12 किलो कार्बन, हा हिशेब मी विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडून पाहिला. मायक्रोवेव्हच्या लहरी मिथेनमधून तशाच निघून जातात आणि उत्प्रेरकाचे, म्हणजे मिथेन फुटायला मदत करणाऱ्या पदार्थाचे, दाणे तापवतात, हे दिवाळीत तू आईला समजावत होतीस, तेव्हा मी पेपरआडून सगळे ऐकत होतो. तीस वर्षे बॉयलरवर काढलेल्या मला ते नवलाचे वाटले. आम्ही आधी भट्टी तापवायचो, मग नळ्या, मग पाणी, आणि तुमच्याकडे आतला दाणाच सर्वांत गरम.

म्हणूनच विचारतो, त्या दाण्याचे तापमान तुम्हांला कळते कसे? तापमान मोजायची धातूची तार, ते थर्मोकपल, आत घातले तर ठिणग्या उडू शकतात म्हणून दुरूनच उष्णतेच्या किरणांवरून तापमान सांगणारा इन्फ्रारेड पायरोमीटर बाहेरून रोखता, असे तूच म्हणालीस. पण त्याला दिसतो तो पृष्ठभाग. कार्बन साचला की तोही लहरी शोषतो, एखादीच जागा शेजारच्या जागेपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि पडद्यावरचा आकडा मात्र शांत असतो. माझ्या डाव्या हातावरचा डाग पडला त्या रात्रीही काटा हिरव्या पट्ट्यातच होता, आणि पाळीवर मी एकटा होतो.

बघ, शेवटी नळीवरच आलो. नळी तडकली तर आतला हायड्रोजन बाहेर येतो. हवेत तो 4 पासून 75 टक्क्यांपर्यंत पेटतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतही नाही, हे मी तुला शिकवावे म्हणजे अतीच झाले, क्षमा कर. तू सहावीत होतीस तेव्हाचा मे महिना आठवतो. भर दुपारी कुलर बंद पडला, आजी पदराने वारा घेत बसली, आणि तू पंप खोलून त्याच्या जाळीत अडकलेला वाळ्याचा तुकडा चिमटीत धरून मला दाखवलास. पंप चालू झाला. त्या दिवशी मी शाबासकी दिली नाही, उलट रागावलो, कारण तू प्लग काढला नव्हतास. संध्याकाळी मात्र गल्लीतल्या प्रत्येकाला ती गोष्ट मीच सांगितली, हे तुला कोणी सांगितले नसेल.

गुरुवारी शेजारचा मुलगा तिकडे येतो आहे, त्याच्यासोबत संत्रा बर्फी देतो आहे. रात्रीचा प्रयोग लावशील तेव्हा सोबत कोणीतरी असू दे.

तुझा,
बाबा

ता. क. नवी नळी बसवल्यावर सांधे गळतात का ते आधी न पेटणाऱ्या नायट्रोजनवर तपासा. फोन आईच्या नंबरवर कर. मी शेजारीच असेन.