पदकांशेजारी वेळही छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय अजिंक्यपद जलतरण स्पर्धेत एका लहान प्रादेशिक क्लबने मिळवलेल्या यशाची बातमी आपण क्रीडापानावर छायाचित्रासह ठळकपणे छापलीत, याबद्दल प्रथम आभार. जलतरणाला क्रीडापानावर जागा मिळते ती बहुधा ऑलिंपिकच्या पंधरवड्यात. एरवी तलावाकडे कोणी बातमीदार सहसा फिरकत नाही. तरीही ही बातमी वाचताना एक गोष्ट खटकली आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. बातमीत पदके मोजली आहेत, ती मिळवणाऱ्यांची नावे आहेत, प्रशिक्षकांची प्रतिक्रिया आहे. मात्र एक जागा सोडली तर कोणाचीही वेळ दिलेली नाही. ज्या खेळात निकाल म्हणजेच वेळ, त्याची बातमी वेळ वगळून देणे हे धावसंख्या न सांगता क्रिकेट सामन्याचे वर्णन करण्यासारखे आहे.

मी जलतरणपटू नाही आणि प्रशिक्षकही नाही. गेली काही वर्षे जलतरण स्पर्धांमध्ये स्वयंसेवक म्हणून वेळ नोंदवण्याचे काम करतो, म्हणजे लेनच्या टोकाशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो आणि बहुतेकदा भिजून घरी जातो. त्या जागेवरून पदक-समारंभ नीट दिसत नाही, पण लहान क्लबची मुले मोठ्या स्पर्धेत येतात तेव्हा त्यांच्यापुढे नेमके काय वाढून ठेवलेले असते, ते फार जवळून दिसते.

यातील बहुतेक मुलांचा वर्षभराचा सराव 25 मीटरच्या तलावात झालेला असतो आणि राष्ट्रीय स्पर्धा 50 मीटरच्या तलावात होते. 100 मीटरच्या शर्यतीत लहान तलावात तीनदा वळावे लागते, मोठ्या तलावात एकदाच. 400 मीटरच्या शर्यतीत हेच प्रमाण 15 वळणांना सात असे पडते. बघणाऱ्याला वळण म्हणजे अडथळा वाटतो, प्रत्यक्षात मात्र ती मदत असते. भिंतीला पाय टेकवून घेतलेला रेटा आणि त्यानंतरचा पाण्याखालचा प्रवास हा पृष्ठभागावर हात मारत जाण्यापेक्षा वेगवान असतो. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर व प्रत्येक वळणानंतर 15 मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर आलेच पाहिजे, असा नियम करावा लागला तो यामुळेच. शिवाय त्या काही क्षणांत हातांनाही थोडा विसावा मिळतो. मोठ्या तलावात ही मदत निम्म्याहून कमी होते आणि शर्यतीचा शेवटचा टप्पा संपता संपत नाही. दोन्ही लांबीच्या तलावांसाठी जागतिक विक्रमांच्या याद्या वेगवेगळ्या ठेवल्या जातात, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किरकोळ नाही याची कल्पना येईल.

दुसरी अडचण आम्हा वेळ नोंदवणाऱ्यांच्या बोटांमुळे निर्माण होते. लहान स्पर्धांमध्ये वेळ हाताने घेतली जाते. सुटण्याचा इशारा कानावर पडल्यानंतर बटण दाबले जाईपर्यंत सेकंदाचा काही अंश निघून गेलेला असतो. शर्यत संपताना मात्र भिंतीकडे येणारा हात आम्हाला दिसत असतो आणि बोट आधीच सज्ज असते. परिणामी हाताने नोंदवलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा किंचित कमीच भरते. राष्ट्रीय स्पर्धेतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इशाऱ्यासरशी सुरू होते आणि हात टच पॅडवर टेकला की थांबते. तिच्यापाशी असली मेहेरनजर नाही. म्हणजे लहान क्लबचा मुलगा जी वेळ घेऊन स्पर्धेला येतो, ती तलाव आणि स्टॉपवॉच या दोघांनीही थोडी सजवलेली असते. मोठ्या तलावात, यंत्राच्या साक्षीने, तो नुसता त्या वेळेपर्यंत पोहोचला तरी ती प्रगती असते. तिच्यापेक्षा कमी वेळ नोंदवली, तर वर्षभराच्या कष्टांचे त्याहून मोठे फळ पदकही असू शकत नाही.

एका प्राथमिक फेरीत माझ्याकडे आठवी लेन होती. आठ लेनच्या तलावात, एकाच फेरीतील स्पर्धकांपैकी सर्वांत वेगवान प्रवेशवेळ (म्हणजे स्पर्धेत नाव देताना नोंदवलेली आधीची वेळ) असणाऱ्याला चौथी लेन मिळते, मग पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि सगळ्यात शेवटी आठवी. तेव्हा आठव्या लेनमधला मुलगा कोण, हे शर्यतीआधीच कागदावर ठरलेले असते. तो त्या फेरीत सहावा आला आणि अंतिम फेरीच्या जवळपासही पोहोचला नाही; पण माझ्या हातातल्या चिठ्ठीवरची त्याची प्रवेशवेळ आणि फलकावरचे आकडे यांत दीड सेकंदाहून अधिक फरक होता, आणि तोही त्याच्या बाजूने. लेनच्या दोरीला धरून धापा टाकत त्याने मला विचारले, “काका, आठव्या लेनची वेळ ती माझीच ना?” मी हो म्हटल्यावर त्याने पुन्हा एकदा फलकाकडे पाहून खात्री करून घेतली. बातमीच्या दृष्टीने हा मुलगा त्या स्पर्धेत नव्हताच.

आपल्या बातमीत क्लबच्या एका मुलीला ‘चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले’ असे वाक्य आहे. तिचे पदक दोन शतांश सेकंदांनी हुकले की दोन सेकंदांनी, हे त्यातून कळत नाही आणि या दोन्हींचे अर्थ पूर्णपणे वेगळे आहेत. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मेडलेमध्ये, म्हणजे एकट्याने चारही शैलींत पोहायच्या शर्यतीत, स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी या दोघांची वेळ शतांशापर्यंत सारखीच, 4:31.98 अशी आली होती. तेव्हा सहस्रांश पाहून, दोन सहस्रांश सेकंदांच्या फरकाने, लार्सनला सुवर्ण देण्यात आले. एवढ्या वेळात जलतरणपटू जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतो आणि 50 मीटरच्या सगळ्या लेन एवढ्या काटेकोरपणे सारख्या बांधता येत नाहीत. म्हणून पुढे निकाल शतांशापर्यंतच मोजायचा आणि तिथे बरोबरी झाली तर पदक विभागून द्यायचे, असे ठरले. 2016 मध्ये रिओला 100 मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लोस आणि लास्लो चेह या तिघांनी 51.14 सेकंद अशी एकच वेळ नोंदवली आणि तिघांनाही रौप्यपदक मिळाले. वेळ कुठवर मोजायची याचा जिथे इतका बारकाईने विचार झाला आहे, तिथली वेळ बातमीत संपूर्णच गाळली जावी, हे मला पटत नाही.

रिलेला बातमीत अर्धे वाक्य मिळाले आहे. माझ्या मते या क्लबची खरी करामत तिथेच आहे. मेडले रिलेला बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइल, या क्रमाने पोहणारे चार जण लागतात आणि तेही एकाच वयोगटातले. मोठ्या क्लबकडे एकेका शैलीचे पाच-सहा जण असतात. सकाळच्या प्राथमिक फेरीत ते दुसऱ्या फळीला उतरवतात आणि पहिल्या फळीला अंतिम फेरीसाठी ताजे ठेवतात. लहान क्लबकडे मोजून चार मुले असतात. त्यांतला ब्रेस्टस्ट्रोकवाला आजारी पडला तर क्लबला रिलेच नाही, आणि कोणी आजारी पडले नाही तरी सकाळी व संध्याकाळी तेच चौघे. अशा चौघांनी अंतिम फेरी गाठणे हे एका असामान्य मुलाच्या वैयक्तिक पदकापेक्षा क्लबबद्दल अधिक काही सांगते. असामान्य मूल कुठेही जन्माला येऊ शकते. चार शैलींचे चार जण तयार करायला मात्र प्रशिक्षकाला पहाटे उठून अनेक वर्षे घालवावी लागतात.

बातमीत वेळेचा उल्लेख ज्या एकमेव ठिकाणी आहे, तिथेच नेमकी गफलत झाली आहे. फ्रीस्टाइल रिलेच्या शेवटच्या टप्प्यात या क्लबच्या मुलाने ‘वैयक्तिक शर्यतीच्या स्पर्धाविक्रमापेक्षाही कमी वेळ नोंदवली’, असे आपण छापले आहे. वैयक्तिक शर्यतीत ठोकळ्यावर निश्चल उभे राहून इशाऱ्याची वाट पाहावी लागते. रिलेत मात्र दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जलतरणपटूला सहकारी भिंतीकडे येताना दिसत असतो. सहकाऱ्याचा हात टेकेपर्यंत पाय ठोकळ्याला लागून असले म्हणजे झाले, शरीर आधीच पुढे झेपावू लागले तरी चालते. त्यामुळे त्या टप्प्यांच्या वेळा कमीच येतात आणि विक्रमासाठी धरल्या जातात त्या फक्त पहिल्या टप्प्यातल्या जलतरणपटूच्या. मुलगा गुणी आहे यात शंका नाही. परंतु अशा तुलनेने त्याच्यावर नसत्या अपेक्षांचे ओझे पडते आणि पुढच्या वैयक्तिक शर्यतीत त्याची वेळ ‘घसरली’ अशी बातमी येण्याचा धोका राहतो.

आणखी एक लहानशी बाब. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये क्लबची एक मुलगी ‘दुर्दैवाने बाद’ झाल्याचे म्हटले आहे, पण कारण दिलेले नाही. या शैलीत वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. घाईत एक हात आधी टेकला तर पंचांपुढे पर्याय नसतो. कारण एका ओळीत छापले असते, तर पंचांनी अन्याय केला असा समज वाचकांत पसरला नसता. तो पसरला आहे, हे मी दोन ठिकाणी ऐकले म्हणूनच लिहीत आहे.

जागेची अडचण मला समजते. 1:02.35 असे लिहायला सात चिन्हे लागतात आणि ‘दणदणीत’ किंवा ‘दिमाखदार’ असे एखादे विशेषण गाळले, तरी तेवढी जागा निघते. यापुढील स्पर्धेच्या वेळी पदकविजेत्यांच्या नावांशेजारी त्यांची वेळ आणि तलावाची लांबी द्यावी, तसेच ज्यांनी आपल्या प्रवेशवेळेत सर्वांत मोठी सुधारणा केली अशा दोन-तीन मुलांची नावे खाली लहान अक्षरांत द्यावीत, एवढीच विनंती आहे. प्रवेशवेळ आणि प्रत्यक्ष वेळ निकालपत्रात बहुधा शेजारीशेजारी छापलेली असते, तेव्हा बातमीदाराला वजाबाकीपलीकडे फारसे कष्ट पडू नयेत.

कळावे,
आपला,
एक स्वयंसेवक वेळनोंदणीकार