लेदर जॅकेट घेताना चामड्याइतकीच शिवणही पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटारसायकलींविषयीच्या लेखनात इंजिन, ब्रेक आणि मायलेज यांची बारकाईने चर्चा होते, हेल्मेटविषयीही आता बऱ्यापैकी लिहून येते. मात्र मानेखालच्या शरीराचे रक्षण करणाऱ्या चामड्याच्या कपड्यांचा विषय निघतो तो बहुधा रुबाबदार पेहराव म्हणून. वाहन पुरवणीतल्या अशा सचित्र मजकुरात जॅकेटचा रंग, कॉलर आणि किंमत यांची माहिती असते, पण ते जॅकेट रस्त्यावर घासटले तर किती टिकेल याचा एका शब्दानेही उल्लेख नसतो. वाचक खरेदी करतो ती या माहितीच्या भरवशावर, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

चामडे आजही चालकांच्या पसंतीस उतरते त्याला कारण आहे. डांबरावर घसरत जाताना ते घर्षण चांगले सोसते, आणि काही कृत्रिम धाग्यांची कापडे घर्षणाच्या उष्णतेने वितळून त्वचेला चिकटू शकतात, तसे चामड्याचे होत नाही. परंतु सगळे चामडे सारखे नसते. हौसेने मिरवण्याच्या जॅकेटांसाठी मेंढीचे मऊ, जेमतेम ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचे चामडे सर्रास वापरतात. मोटारसायकलसाठीच्या जॅकेटात गाई-बैलांचे साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाडीचे चामडे असते. कांगारूच्या चामड्यातील तंतू पृष्ठभागाला बरेचसे समांतर असल्याने ते याहून पातळ असूनही चिवट असते, आणि बकऱ्याचे चामडे हातमोज्यांसाठी उत्तम मानतात. वरचा थर काढून घेतल्यावर खाली उरणारे स्प्लिट चामडे मात्र फसवे असते, कारण त्यावर रंगाचा जाड लेप दिला की ते वरकरणी अस्सल दिसते.

तरीही जाडी हा पहिला प्रश्न नव्हे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या एका मित्राच्या घसरून पडण्यानंतर त्याचे जॅकेट मी हातात घेऊन पाहिले. चामडे जाड होते आणि खांद्यावरचा रंग खरवडला जाण्यापलीकडे त्याला फारसे काही झालेले नव्हते. पण खांद्यापासून कोपरापर्यंत बाहीची शिवण उसवली होती. बाहेरच्या बाजूने एकच उघडी टीप मारलेली होती, तिचा दोरा रस्त्याला घासून तुटला आणि पुढचे टाके एकामागून एक सुटत गेले. कोपराचे आर्मर, म्हणजे आघात शोषण्यासाठी आत बसवलेले संरक्षक पॅड, बाहीच्या आतल्या अंगाला फिरले होते. चामडे शाबूत राहिले आणि दंडाची त्वचा सोलवटली. खरेदीच्या वेळी त्याने चामडे चिमटीत धरून जाडी पाहिली होती, शिवणीकडे कोणीच पाहिले नव्हते.

म्हणून जॅकेट हातात आल्यावर आधी खांदे, कोपर आणि पाठीवरून जाणाऱ्या शिवणी पाहाव्यात. निदान एक टीप चामड्याच्या घडीखाली लपलेली असावी, म्हणजे वरचा दोरा झिजला तरी जोड धरून राहतो. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असावा; सुती दोरा घामाने आणि ओलाव्याने कुजतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून जोरात ताणल्यावर टाक्यांमध्ये फट पडत असेल तर ते जॅकेट परत ठेवावे. सर्वांत आधी टेकणाऱ्या भागांवर शिवणी जितक्या कमी तितके चांगले, त्यामुळे खांद्यावर नक्षीसाठी जोडलेले लहान तुकडे माझ्या लेखी दोषच आहेत.

ग्राहकाला प्रत्येक शिवण तपासता येणार नाही हे खरे, आणि त्यासाठीच मानके असतात. युरोपात मोटारसायकलचे संरक्षक कपडे २०१६/४२५ या वैयक्तिक संरक्षण साधनांच्या नियमाखाली येतात. तो २१ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यानंतर २०२० मध्ये आलेल्या ईएन १७०९२ या मानकात संपूर्ण कपड्याला एएए, एए, ए, बी किंवा सी असा वर्ग मिळतो. चामड्याचा नमुना वेगाने फिरवून काँक्रीटवर टेकवतात आणि तो थांबेपर्यंत भोक पडते का ते पाहतात. खांदा, कोपर, कुल्ला आणि गुडघा या सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी ही चाचणी एएए वर्गात ताशी १२० किलोमीटर, एए वर्गात ७० आणि ए वर्गात ४५ किलोमीटर वेगाशी समतुल्य असते. हे यंत्रावरचे वेग आहेत. ताशी १२० किलोमीटरने पडलात तरी सुखरूप राहाल, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. बी वर्गात घर्षणाची चाचणी असते पण आर्मरची सक्ती नसते, तर सी वर्गातील वस्त्रे केवळ आर्मर जागेवर धरण्यासाठी असतात. शिवणींची ताकदही या मानकात तपासली जाते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

इथेच ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल होते. विक्रेता ‘सीई’ ही युरोपीय नियमांची पूर्तता दर्शवणारी अक्षरे दाखवतो, ती पुष्कळदा आतल्या आर्मरवरची असतात. जॅकेटची स्वतःची चाचणी झालेलीच नसते. जॅकेटच्या आत शिवलेल्या लेबलावर मोटारसायकलस्वाराचे चित्र, मानकाचा क्रमांक आणि वर्गाचे अक्षर ही तिन्ही असली पाहिजेत. आर्मरचे मानक वेगळे, ईएन १६२१. हातापायांच्या आर्मरवर ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करतात, तेव्हा पलीकडे पोहोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीत ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या पातळीत २० किलोन्यूटनपर्यंत चालते. पाठीसाठी याच मर्यादा १८ आणि ९ अशा कडक आहेत. पाठीचे आर्मर जॅकेटसोबत देणे बंधनकारक नसल्यामुळे अनेक उत्पादक त्या खिशात साध्या स्पंजचा तुकडा घालतात. तो काढून तिथे प्रमाणित आर्मर बसवावे.

माप घेताना उभे राहून आरशात पाहण्यापेक्षा मोटारसायकलवर बसून, हात हँडलवर ठेवून पाहावे. त्या स्थितीत बाही मनगटावरून वर सरकता कामा नये, आणि दुसऱ्या हाताने कोपराचे आर्मर धरून फिरवले तर ते जागचे हलता कामा नये. चामडे वापराने थोडे सैलावते, म्हणून सुरुवातीला ते अंगासरशी बसलेले बरे. स्त्रियांना पुरुषांच्या मापाचेच लहान जॅकेट देण्याची पद्धत तर अगदी चुकीची आहे, कारण खांदे आणि बाहीची लांबी जुळत नाही आणि आर्मर कोपराच्या खाली लोंबते.

जॅकेट घेऊन पँट टाळणारे तर असंख्य. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातील अपघातग्रस्त २१२ चालकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटारसायकलसाठी बनवलेले जॅकेट घालणाऱ्यांमध्ये रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले. पँट घालणाऱ्यांमध्ये ते ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घालणाऱ्यांमध्ये ५९ टक्क्यांनी कमी होते. त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेटे अपघातात फाटून किंवा उसवून निकामी ठरली होती. जॅकेट आणि पँट कंबरेला चेनने जोडता येत असतील तर घसरताना जॅकेट वर सरकून पाठ उघडी पडत नाही. या साध्या सोयीकडे फार कमी जण पाहतात.

उन्हात चामडे असह्य होते ही तक्रार रास्त आहे. उकाड्याने थकलेल्या चालकाचे लक्ष उडते आणि तोही धोकाच आहे. छाती व मांडीवर बारीक छिद्रे असलेले चामडे त्यावर काही अंशी उपाय ठरते. खांदा आणि कोपरावर मात्र छिद्रे नसावीत. ज्याला हेही सोसत नाही त्याने एए वर्गाचे हवेशीर कापडी जॅकेट जरूर घ्यावे, कारण खुंटीला टांगून ठेवलेले एएए जॅकेट कोणाच्याच कामाचे नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून चालणारा मोटोकॅप हा उपक्रम बाजारातून कपडे विकत घेऊन त्यांची चाचणी करतो आणि संरक्षण व उष्णतेतील सुसह्यता यांसाठी वेगवेगळे तारे देऊन निकाल सर्वांसाठी खुले करतो. उत्पादकाच्या जाहिरातीपेक्षा अशी माहिती ग्राहकाच्या कितीतरी अधिक उपयोगाची आहे.

माझी आपणांस विनंती एवढीच की, यापुढे अशा कपड्यांविषयी काही छापताना किमतीच्या शेजारी संपूर्ण कपड्याचा वर्ग, आर्मरची पातळी आणि पाठीला प्रमाणित आर्मर आहे की नुसता स्पंज, हे अवश्य द्यावे. उत्पादकाने माहिती दिली नसेल तर तसेही स्पष्ट छापावे. जॅकेटसोबत पँट, हातमोजे आणि बुटांचाही त्यात विचार व्हावा, आणि मागे बसणाऱ्यालाही चालकाइतकेच संरक्षण लागते हे गृहीत धरूनच ते लेखन व्हावे.

आपला नम्र,
एक मोटारसायकलस्वार वाचक